विचारलं नाही, सांगितलं नाही

या वेळचं पत्र अमेरिकेतल्या व्हर्जिनियाहून आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून आणि थोडं आखूड करून देते आहे.

"नमस्कार ताई. मी मूळची सातारा जिल्ह्यातली. पंचवीस वर्षांहून जास्त काळ इथे आहोत. मुलगा इथेच जन्मला आणि शाळा संपल्यावर नौदलात भरती झाला. माझ्या माहेरी घरटी एक माणूस फौजेत, थोरले भाऊ मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, त्यामुळे त्या दिवशी सगळ्यांची छाती फुगली होती. मुलाच्या तळावर समलिंगी नौसैनिक आणि त्यांचे मित्र अशांचा एक गट आहे. मुलगा त्याचा खजिनदार. २०२२ मध्ये गटाला कमांडरची मान्यता मिळाली तेव्हा त्यानं मला फोन केला, जणू त्यालाच बढती मिळाली होती. ही पोरं एक शनिवार सोडून एक शनिवार, गरजूंना फुकट शिधा देणाऱ्या फूड बँकेत खोकी भरतात, जूनमध्ये चेसापीक खाडीच्या काठचा कचरा उचलतात. २०२५ मध्ये त्यांची मान्यता काढून घेतली. तरी साध्या कपड्यांत, तळाबाहेर भेटून काम चालूच आहे. आता मुलगा म्हणतो, 'आई, तुमच्या मंडळाच्या गणपतीला आम्ही दहाजण येतो, खुर्च्या मांडू, भांडी घासू.' मी समितीत विषय काढला तर दोघीजणी म्हणाल्या, 'अगं, लहान मुलं असतात तिथे.' यजमान म्हणतात, या नादात नोकरी जाईल. भाऊ फोनवर म्हणाला, 'फौजेत असली थेरं चालत नाहीत.' मी काय करू? – एक आई.

ता. क. मुलगा त्यांचा नुसता मित्र आहे की स्वतःही तसाच? त्यानं कधी सांगितलं नाही. मी कधी विचारलं नाही."

नमस्कार.

तुमचं पत्र मी ताज्या कलमापासून वाचायला घेतलं. नोकरी, मंडळ, भाऊ यांच्याबद्दल बोलूच, पण सही करून झाल्यावर परत हात पुढे होऊन जे लिहिलं जातं, त्यासाठीच बहुधा पत्र लिहिलेलं असतं.

'त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.' हे तुमचे शब्द जवळपास जसेच्या तसे एका कायद्याचं नाव आहेत. अमेरिकी सैन्यासाठी तो १९९३ साली झाला. 'डोंट आस्क, डोंट टेल' म्हणायचे त्याला. वरिष्ठानं विचारायचं नाही, सैनिकानं सांगायचं नाही. ऐकायला समजूतदारपणाचं वाटतं. प्रत्यक्षात कुणाच्या हाती एखादं पत्र लागलं, कुणी चहाडी केली, की त्या माणसाची नोकरी संपायची. तेरा हजारांहून अधिक माणसं त्या कायद्याखाली सैन्यातून काढली गेली. जी टिकली, ती जिभेवर पहारा ठेवून टिकली. सोमवारी सकाळी कुणी सहज विचारलं, सुट्टीत काय केलंस, तर जोडीदाराबद्दल बोलताना 'तो'च्या जागी 'ती' घालायची, नाहीतर एकटाच घरी होतो म्हणायचं. अशी वर्षंच्या वर्षं काढली माणसांनी, तीही जहाजावर, जिथे दोन बिछान्यांमध्ये हातभर अंतर असतं. राष्ट्राध्यक्ष ओबामांनी २०१० च्या डिसेंबरात तो रद्द करण्याच्या कायद्यावर सही केली आणि २० सप्टेंबर २०११ ला तो खरोखर संपला. तुमचा मुलगा तेव्हा प्राथमिक शाळेत असेल.

त्यानंतर लगेच हे गट उभे राहू लागले. कनेक्टिकटमधल्या कोस्ट गार्ड अकादमीत त्याच वर्षाच्या अखेरीस 'स्पेक्ट्रम' निघाला, पुढच्या वर्षी वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत त्याच नावाचा. नौदलात ठिकठिकाणी 'ग्लास' नावाचे गट झाले. त्या इंग्रजी अक्षरांचा अर्थ, गे, लेस्बियन आणि त्यांना साथ देणारे नौसैनिक. नावात 'साथ देणारे' मुद्दाम आहेत. त्यामुळे खोलीत बसलेला कोण कोणत्या गटातला, हे कुणाला सांगावं लागत नाही. ज्याला अजून स्वतःशीही नीट बोलता आलेलं नाही, तोसुद्धा कोपऱ्यात खुर्ची ओढून बसू शकतो. म्हणून मुलगा तिथे खजिनदार आहे यावरून तुम्ही काही ताडू शकणार नाही, आणि ताडू नका. ती खोलीच तशी बांधलेली आहे.

आता मान्यता म्हणजे काय, ते सांगते, कारण फोनवरचा त्याचा आनंद त्याशिवाय समजणार नाही. अमेरिकी तळावर एखाद्या खासगी संघटनेला काम करायचं तर तळाच्या कमांडरची लेखी परवानगी लागते. घटना लिहावी लागते, पदाधिकारी ठरवावे लागतात, पैसे स्वतःचे स्वतः उभे करावे लागतात, त्यांचा हिशेब ठेवावा लागतो. आपण म्हणजे नौदल, असं कुठे भासवता येत नाही. तुमच्या मंडळाची नोंदणी करताना तुम्ही जे सोपस्कार केलेत, तेच. त्या बदल्यात मिळतं काय? सभेला एक खोली, फलकावर चार ओळी लावण्याची मुभा. एवढंच. पण ज्या तळावर काही वर्षांपूर्वी 'मी असा आहे' म्हटल्यावर सामान आवरून घरी जावं लागत होतं, तिथल्या फलकावर तुमच्या मुलानं स्वतःच्या हातानं कागद लावला, खाली खजिनदार म्हणून नाव घातलं. बढतीपेक्षा ते लहान नव्हतं हो.

तुमच्याच भागातली एक गोष्ट आहे. डिसेंबर २०११, म्हणजे बंदी उठून तीन महिने. 'ओक हिल' नावाची युद्धनौका ऐंशी दिवसांच्या सफरीवरून व्हर्जिनिया बीचला परत आली. जहाज धक्क्याला लागलं की सर्वांत आधी कुणी उतरून आपल्या माणसाचं चुंबन घ्यायचं, हा मान नौदलात चिठ्ठ्या काढून ठरवतात. डॉलरला एक तिकीट. मरिसा गायेटा या नौसैनिकेनं पन्नास डॉलरची तिकिटं घेतली, तिचा नंबर लागला, आणि धक्क्यावर वाट पाहत उभी होती तिची मैत्रीण, तीही नौदलातलीच. भोवतालच्या गर्दीनं टाळ्या वाजवल्या आणि फोटो जगभर गेला. मला त्यात सगळ्यात जवळची वाटते ती तिकिटांच्या पैशांची गोष्ट. ते नौसैनिकांच्या मुलांच्या नाताळच्या मेजवानीसाठी होते. तुमच्या समितीतल्या ज्या दोघींना लहान मुलांची काळजी वाटते, त्यांना हे जरूर सांगा.

आणखी एक तारीख सांगते. सैनिकांनी आपल्या गावातल्या लोकांसाठी चिकाटीनं केलेल्या स्वयंसेवेबद्दल अमेरिकेत एक पदक आहे. ते सुरू करण्याच्या आदेशावर थोरल्या बुशसाहेबांनी ९ जानेवारी १९९३ ला सही केली. 'सांगू नका'चा कायदाही १९९३ चाच. शेजाऱ्याच्या कामाला धावून जा म्हणून पदक आणि कुणावर जीव आहे ते बोललास तर नारळ, हे दोन्ही एकाच वर्षी एकाच सैन्याला सांगितलं गेलं. त्या काळात कितीजणांनी गरिबांच्या स्वयंपाकघरात भांडी घासली असतील आणि तिथेही आपल्या घरी कोण आहे ते लपवलं असेल, याचा विचार आला की मला फार वाईट वाटतं.

इथे मला तुम्हाला जरा थांबवायचं आहे. तुमच्या पत्रात एक वाक्य होतं, जे मी वर छापलेलं नाही: 'इतकं चांगलं काम करतात, मग लोक का नावं ठेवतात?' त्यामागची माया मला कळते. पण या वाक्यात एक सौदा दडलेला आहे. आधी खोकी भरा, कचरा उचला, खुर्च्या मांडा, मग आम्ही तुम्हाला माणसांत घेऊ. तुमच्या घरातली बाकीची मुलं काही न करता गणपतीला येतात, प्रसाद घेतात, मोबाइल बघत बसतात. त्यांना कुणी दाखला मागत नाही. मग या दहाजणांनाच का? फूड बँकेतल्या खोक्यांची गरज खोकी घेणाऱ्यांना आहे. त्यात नौसैनिकांचीही कुटुंबं असतात, खालच्या हुद्द्याचा पगार आणि घरात दोन लेकरं असली की महिना सरत नाही, हे तुम्ही शेजारी पाहिलं असेल. मुलं जातात ती त्यासाठी. त्यांच्या शनिवारकडे चारित्र्याचा दाखला म्हणून पाहू नका आणि मंडळातही तसं सांगू नका. 'बिचारे चांगले आहेत हो' म्हणत वकिली केलीत तर तुम्ही त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केल्यासारखं होईल.

आणि कामाच्या बळावर मिळालेली मान्यता टिकतेच असं नाही, हे तर तुमच्या डोळ्यांसमोर घडलं. २०२५ च्या फेब्रुवारीत वेस्ट पॉइंटनं एका फटक्यात बारा क्लब बंद केले. त्यात 'स्पेक्ट्रम' होता, अभियंता होऊ पाहणाऱ्या मुलींचा आणि कृष्णवर्णीय मुलांचाही क्लब होता. तिथल्या मुलांचं काम कमी पडलं म्हणून ते झालं नाही. वर सरकार बदललं, धोरण बदललं. तुमच्या मुलानं त्यानंतर काय केलं बघा. खोली गेली, फलक गेला, आणि पुढच्या शनिवारी पोरं नेहमीच्या वेळेला खोकी भरायला हजर. मला तुमच्या पत्रातली ही ओळ सगळ्यात जास्त आवडली, आणि तुम्ही ती 'तरी' या एका शब्दात उरकली आहे.

यजमानांची धास्ती मी हसण्यावारी नेणार नाही. नोकरी सरकारी आहे आणि वारं फिरलेलं आहे. पण जे आहे ते नीट वेगळं करून पाहू या. समलिंगी असणं किंवा त्यांचा मित्र असणं हे आजही अमेरिकी नौदलातून काढण्याचं कारण नाही. २०१० चा तो कायदा जागेवर आहे. कामाच्या वेळेबाहेर, साध्या कपड्यांत, नौदलाचं नाव न लावता फूड बँकेत जायला कुणाची परवानगी लागत नाही. काळजी घ्यायची ती एवढीच की गणवेश नको, नौदलाचं चिन्ह असलेला बॅनर नको आणि निवडणुकीचा प्रचार नको, कारण सैनिकांच्या राजकीय कामावर तिथे वेगळे निर्बंध आहेत. हिशेबाची वही तर त्यानं डोळ्यात तेल घालून सांभाळावी. मान्यता गेली तेव्हा गटाच्या खात्यात जे पैसे होते त्यांचं काय झालं, याची कागदपत्रं खजिनदाराजवळ हवीत. काही शंका असेल तर तळावर कायदेशीर सल्ला देणारं कार्यालय असतं, तिथे त्यानं स्वतः जाऊन विचारावं. यजमानांना हे सगळं तुम्ही सांगण्यापेक्षा मुलालाच सांगू द्या. बाप-लेकांमध्ये निरोप पोचवण्याचं काम तुम्ही किती वर्षं करणार?

एक गोष्ट मात्र लपवणार नाही. गटात कुणी ट्रान्स मुलं असतील तर त्यांची स्थिती निराळी आहे. जानेवारी २०२५ च्या आदेशानं त्यांच्या सैन्यात असण्यावर बंदी आली आणि त्याच वर्षी ६ मे रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं, खटला चालू असतानाच, तिची अंमलबजावणी करायला मोकळीक दिली. अशा एखाद्या मुलाला किंवा मुलीला आज घरच्या जेवणाची गरज असेल. मुलाला विचारा, कुणी आहे का. असेल तर रविवारी बोलवा.

आता तुमचे भाऊ. सुभेदार माणूस आहे, उभं आयुष्य पलटणीत गेलं, तेव्हा त्यांचा शब्द मी तोडणार नाही. ते म्हणतात ते आपल्या सैन्याबद्दल खरंच आहे. ६ सप्टेंबर २०१८ ला आपल्या सर्वोच्च न्यायालयानं ३७७ कलमातून सज्ञान माणसांचे संमतीचे संबंध बाहेर काढले, पण लष्कराला १९५० चा स्वतःचा कायदा आहे आणि जानेवारी २०१९ मध्ये तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल बिपीन रावत यांनी, लष्करात हे चालू देणार नाही, असं स्पष्ट सांगितलं होतं. तर भाऊ आपल्या अनुभवातून बोलताहेत. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना दोन गोष्टी सांगा. पहिली, ज्या ब्रिटिशांच्या फौजेत आपल्या मराठा पलटणी घडल्या, त्यांनी ही बंदी जानेवारी २००० मध्ये उठवली आणि २०२३ च्या जुलैत पंतप्रधान ऋषी सुनक यांनी काढून टाकलेल्या सैनिकांची संसदेत माफी मागितली. दुसरी गोष्ट लेनर्ड मॅटलोविच नावाच्या सार्जंटची. व्हिएतनाममध्ये लढलेला, जखमी झालेला, शौर्याबद्दल पदक मिळवलेला माणूस. १९७५ मध्ये त्यानं आपण समलिंगी असल्याचं वरिष्ठांना लिहून दिलं आणि हवाई दलानं त्याला काढलं. वॉशिंग्टनच्या काँग्रेशनल दफनभूमीत त्याच्या थडग्यावर त्यानंच लिहून ठेवलेलं वाक्य कोरलं आहे. सैन्यात असताना दोन माणसं मारली म्हणून मला पदक दिलं आणि एकावर प्रेम केलं म्हणून काढून टाकलं, असा त्याचा अर्थ. हे वाक्य भावाला वाचून दाखवा आणि पुढे काही बोलू नका. सैनिकाचं दुखणं सैनिकाला कळतं. लगेच कळेल असं नाही, पण फोन ठेवल्यावर ते त्यावर विचार करतील.

मंडळाचं. आधी मुलाला खरं सांगा, की समितीत अशी कुजबुज झाली. ज्या घरात आपल्याबद्दल कुजबुज आहे तिथे राबायला यायचं का, हे त्या दहाजणांनी ठरवायचं, तुम्ही परस्पर नाही. ते हो म्हणाले तर समितीत एवढंच सांगा, 'माझा मुलगा आणि त्याचे नौदलातले मित्र येणार आहेत, दहाजण, सकाळी खुर्च्या आणि संध्याकाळी भांडी.' कुणी विचारलं, तेच ना ते? तर 'हो, तेच' म्हणा. आवाज चढवू नका, खालीही आणू नका. आणि कृपा करून त्यांना नुसतं मागच्या बाजूला भांड्यांपाशी ठेवू नका. आरतीला पुढे बोलवा, ताट त्यांच्याही हातात द्या, पंगतीत तुमच्या शेजारी बसवा. लहान मुलांना हवी असते ती दोन-चार दणकट दादामंडळी, जी त्यांना खांद्यावर घेऊन गणपती दाखवतील.

आणि ताजा कलम.

माझ्या आईचे एक मामेभाऊ होते. मुंबईत राहायचे, लग्न केलं नाही. त्यांच्या खोलीत त्यांचे एक मित्र राहायचे, एक-दोन वर्षं नाही, एकतीस वर्षं. आम्ही मुलं त्यांना शेजारचे काका म्हणायचो. शेजारचे नव्हते, त्याच घरातले होते, पण मोठ्यांनी तसं म्हणायला शिकवलं होतं. मामा आजारी पडले तेव्हा चार महिने दोन्ही वेळचा डबा आणि रात्रीची झोप दवाखान्यात, हे त्या काकांनीच केलं. मामा गेले. दहाव्याच्या दिवशी घाटावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. तास गेला. एकेक नातेवाईक पुढे होऊन हात जोडून सांगू लागला, तुमच्या बहिणीला बघू, गावच्या घराचं बघू. काका मागे भिंतीला टेकून उभे होते, हातात पिशवी घेऊन. त्यांना कुणी म्हणालं नाही, की तुम्ही या पुढे, तुम्ही बोला. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि विधी उरकला. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. मला सगळं माहीत होतं. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. पुढे ते काका कुठे गेले, कसे राहिले, घरात कुणाला ठाऊक नाही. माझ्या तोंडून त्या दिवशी 'काका, या ना' एवढे तीन शब्द निघायला हवे होते.

म्हणून मी तुम्हाला, मुलाला समोर बसवून विचारा, असं म्हणणार नाही. 'तू तसा आहेस का?' हा प्रश्न आईनं विचारला तरी चौकशीच वाटते, आणि त्याचं उत्तर त्यानं कधी द्यायचं, द्यायचं की नाही, हे त्याचं आहे. पण गप्प राहणं आणि दार उघडं ठेवून गप्प राहणं यांत फरक आहे. तो पुढच्या वेळी घरी येईल तेव्हा हातातलं काम न थांबवता, भाजी निवडतानाच म्हणा, की तुझ्या आयुष्यात कुणी आलं, मुलगी असो नाहीतर मुलगा, तर मला सगळ्यात आधी सांग, मला त्याच्या किंवा तिच्या आवडीचं करायचं आहे. एवढं बोला आणि विषय बदला. तो कदाचित म्हणेल, 'आई, मी नुसता मित्र आहे गं त्यांचा.' तर तेही खरं माना, मनात शंका धरून त्याच्याकडे बघत बसू नका. दुसऱ्यासाठी उभं राहणारा मुलगा आपल्या पोटी आला, ही काही कमी गोष्ट नाही. तो काहीच बोलला नाही, तरी त्याला कळलेलं असेल की या घरात हे वाक्य बोललं गेलं आहे.

आणि गणपतीपर्यंत थांबू नका. येत्या शनिवारी त्याच्याबरोबर फूड बँकेत जा, यजमान आले तर त्यांनाही घेऊन. त्या मुलांची नावं तिथे कळतील, कोण कुठून आलाय, कुणाला तिखट चालत नाही. डबाभर बेसनाचे लाडू न्या, पण ते काम संपल्यावर बाहेर वाटा, आत खोक्यांजवळ खायला देत नाहीत. आणि साडी नेसा नाहीतर पंजाबी घाला, पायात मात्र पुढून बंद असलेले बूट घाला. गोदामात चपला चालत नाहीत.